मिस्टरांची नोकरी लेस्टरला, मला तिथं रेडिओवर बातमीदारी करायचीय, जमेल का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणाऱ्या ताई कराडच्या आहेत. आकाशवाणी साताऱ्याला काही वर्षं कॅज्युअल निवेदक म्हणून काम केलंय आणि सोबत एका दैनिकाला कराड-पाटणच्या बातम्या देतात. मिस्टरांना इंग्लंडात लेस्टरला नोकरी लागलीय, पावसाळा संपता संपता निघायचंय, व्हिसा डिपेंडंटचा. त्यांचं म्हणणं असं की रेडिओ सोडायचा नाही, तिथं रेडिओ जर्नलिझममध्ये करिअर होईल का, आपला असला मराठी अ‍ॅक्सेंट चालेल का, आधी मास्टर्स करू का, की सरळ मराठी पॉडकास्टच सुरू करू.

मी सांगलीचा. सुरुवात आकाशवाणी सांगलीला कॅज्युअल म्हणूनच केली, पुढं बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये लोकल रेडिओच्या न्यूजरूममध्ये काढली, आणि आता परत सांगलीत विश्रामबागेत बसून फ्रीलान्स ऑडिओचं काम करतो. त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं माहितीय, तेवढ्यावरच बोलतो.

ताई, तुम्ही प्रश्नात आरजे आणि रेडिओ जर्नलिस्ट हे दोन्ही शब्द एका दमात वापरलेत. आपल्याकडं ते खपून जातं कारण आपल्या प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, आकाशवाणीचं बुलेटिन आहे तसं लावायचं, बाकी ट्रॅफिक, हवामान, कार्यक्रमांची माहिती असलं काय ते सांगायचं. त्यामुळं रेडिओ म्हटलं की आपल्याला आवाज आठवतो आणि बातमी म्हटलं की पेपर नाहीतर टीव्ही. तिथं रेडिओच्या न्यूजरूममधला माणूस म्हणजे आधी बातमीदार, तो स्वतः फोन लावतो, स्वतः रेकॉर्ड करतो, स्वतः कापतो, स्वतः लिहितो आणि सगळं झाल्यावर वेळ उरला तर स्वतःच वाचतो. म्हणजे तुमच्या दोन अनुभवांपैकी तिथं जास्त वजन कशाला, तर पेपरच्या बातमीदारीला. निवेदनाचा उपयोग आहे, माईकची भीती गेलेली असते हा मोठा फायदा, पण सीव्हीवर तो दुसऱ्या ओळीत टाका.

आता खरी अडचण. तुम्हाला वाटतंय ती अ‍ॅक्सेंटची आहे, मला वाटतं ती ओळखीची आहे. कराडात तुम्हाला बातमी कशी मिळते बघा, प्रांत ऑफिसात कुणाला फोन करायचा माहितीय, पंचायत समितीत कोण खरं बोलतो आणि कोण नुसतं पेपरात नाव यावं म्हणून बोलतो हे माहितीय, कोयनेचे दरवाजे उचलले की विसर्ग किती क्युसेक हे तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधी येतं. लेस्टरला उतरल्या दिवशी यातलं काहीच नसणार. तिथल्या संपादकाला चांगला आवाज असलेली माणसं ढिगानं मिळतात, त्याला हवा असतो तो असा माणूस ज्याला गावात काय चाललंय ते आपल्या आधी कळतं. ही कमाई नव्या गावात पहिल्यापासून करावी लागते, आणि माझ्या मते पहिलं वर्षभर तुमचं काम हेच आहे.

लेस्टर मिळालंय हे मात्र नशीबच म्हणा. बीबीसीचं पहिलं लोकल रेडिओ स्टेशन 1967 मध्ये लेस्टरलाच सुरू झालं. सत्तरच्या दशकात युगांडा-केनियातून आलेली गुजराती-पंजाबी कुटुंबं तिथं मोठ्या संख्येनं वसली आणि 1976 मध्ये त्याच लोकल स्टेशननं त्यांच्यासाठी संध्याकाळचा रोजचा कार्यक्रम सुरू केला, आज जे बीबीसी एशियन नेटवर्क आहे त्याचं मूळ तिथं आहे. 2021 च्या जनगणनेत लेस्टर शहरात आशियाई लोक 43.4 टक्के होते. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला रोषणाई बघायला शहर लोटतं. म्हणजे आपल्यासारखं नाव, आपल्यासारखं इंग्रजी तिथल्या कानांना नवं नाही. पण याची दुसरी बाजूही आहे, गुजराती-हिंदी-पंजाबी बोलणारे आणि तिथंच जन्मलेले पत्रकार भरपूर आहेत, तुम्ही "मी साऊथ एशियन कम्युनिटी कव्हर करीन" असं म्हणालात तर तो कोपरा आधीच भरलेला आहे. गुजराती येत नसेल तर थोडं शिकून घ्या, फार उपयोग होतो.

नोकऱ्यांचं चित्र गोड करून सांगत नाही. इंग्लंडात बीबीसीची 39 लोकल स्टेशनं आहेत, पण 2023 पासून दुपारी दोननंतरचे बरेच कार्यक्रम शेजारच्या स्टेशनांनी मिळून करायचे असं झालंय, त्यात माणसं कमी झाली. कमर्शियल स्टेशनांपैकी बरीचशी देशभरच्या बातम्या एकाच ठिकाणाहून तयार घेतात आणि लोकल बातम्या चार-पाच गावांसाठी एका हबमधून वाचल्या जातात. मग नवीन माणूस शिरतो कुठून? मी जी माणसं आत आलेली बघितली ती मुख्यतः दोन दारांनी आली.

एक दार कम्युनिटी रेडिओ. ऑफकॉम म्हणून तिथली नियामक संस्था आहे, तिनं परवाना दिलेली तीनशेहून जास्त कम्युनिटी स्टेशनं देशात आहेत, बहुतेक सगळी व्हॉलंटियरच्या जोरावर चालतात. आपल्या माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून चालतेय, त्यातलाच प्रकार, स्टुडिओची खोली लहान आणि काम करणारी माणसं गावातलीच. तिथं गेल्यावर एक सापळा लागतो, त्यातून आपली बरीच माणसं बाहेर येत नाहीत. तुम्ही मराठी किंवा हिंदी आहात कळलं की स्टेशनवाले प्रेमानं म्हणतात, रविवारी एक तास घ्या, तुमच्या लोकांसाठी गाणी लावा. लावा ना गाणी, हौस आहे तर, पण चार वर्षं गाणी लावली म्हणून कुणी बातमीदार करत नाही. तुम्ही स्टेशन मॅनेजरला सांगा की मला आठवड्याला एक लोकल बातमी करून द्यायचीय, इंग्रजीत, दोन-तीन मिनिटांची. असल्या स्टेशनांत बातम्या करायला कुणी तयार नसतं, कारण ते कष्टाचं काम आहे, त्यामुळं नाही म्हणणार नाहीत.

दुसरं दार कौन्सिलच्या मीटिंगचं, आणि इथं तुमचा कराडचा अनुभव सरळ कामाला येतो. तिथल्या महापालिका-जिल्हा परिषदांच्या म्हणजे कौन्सिलच्या बहुतेक मीटिंग लोकांना खुल्या असतात, आणि अजेंडा मीटिंगच्या आधी पूर्ण पाच दिवस जाहीर करावा लागतो, कायदाच आहे तसा. सोबत शे-दीडशे पानांचे रिपोर्ट ऑनलाइन पडलेले असतात आणि ते वाचणारा माणूस गावात बहुधा नसतो. ज्या बाईनं पंचायत समितीच्या सभेचं इतिवृत्त वाचून बातमी काढलीय तिला हे अवघड नाही. त्यातच माहिती अधिकार. आपला कायदा 2005 चा, त्यांचाही त्याच वर्षी प्रत्यक्ष लागू झाला, आपल्याकडं तीस दिवस तर त्यांच्याकडं कामाचे वीस दिवस, आणि अर्ज साध्या ईमेलनं करता येतो, फी बहुतेक वेळा लागत नाही. एखाद्या वॉर्डातल्या बसथांब्यांवर, शाळेच्या जेवणावर, घरांच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला हे विचारा, उत्तर आलं की बातमी तयार. बीबीसीच्या पैशातून स्थानिक पेपरांमध्ये फक्त कौन्सिल कव्हर करायला नेमलेले पत्रकारही आहेत, लोकल डेमोक्रसी रिपोर्टर म्हणतात, देशभरात साधारण 165. त्यांच्या बातम्या लोकल रेडिओ वापरतो. ही पोस्ट पेपरात असते म्हणून रेडिओवाले तिकडं बघत नाहीत, पण पेपरातून आलेल्या माणसाला रेडिओच्या न्यूजरूममध्ये ओळख करून घ्यायला यापेक्षा जवळचा रस्ता मला दिसत नाही.

आता एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही आणि जिच्यामुळं भारतातून आलेले चांगले बातमीदार पहिल्याच आठवड्यात संपादकाला घाम फोडतात. ती म्हणजे कोर्टाच्या अवमानाचा कायदा. आपल्याकडं पोलिसांनी एखाद्याला उचललं की दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं बघा, आरोपीनं गुन्ह्याची कबुली दिली, याआधी त्याच्यावर अमुक गुन्हे दाखल आहेत, शेजारी काय म्हणाले, सगळं. तिथं 1981 चा कायदा असा की अटक झाली की केस चालू झाली, आणि त्यानंतर ज्यूरीच्या, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, मनावर परिणाम होईल असं काही छापलं-बोललं तर तुम्ही आणि स्टेशन दोघंही कोर्टात. कबुलीजबाब नाही, जुने गुन्हे नाहीत, "सराईत" वगैरे विशेषण तर नाहीच नाही. म्हणून मास्टर्स करा न करा, पण मीडिया लॉचा छोटा कोर्स पहिल्या सहा महिन्यांत करून टाका. एनसीटीजे म्हणून पत्रकारांची ट्रेनिंग संस्था आहे, तिचा कायद्याचा पेपर स्वतंत्रपणे देता येतो. सीव्हीवर ती एक ओळ दिसली की संपादकाची अर्धी धास्ती जाते, परदेशी पत्रकाराबद्दल त्याला खरी भीती असते ती हीच.

मास्टर्सचं सांगायचं तर ते पैशावर आणि वयावर आहे. डिपेंडंट असलात तरी फी साधारणपणे ओव्हरसीजची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचीच लागते, म्हणजे लाखांचा हिशेब, आणि ते कर्ज लोकल रेडिओच्या पगारातून फेडायचं म्हणजे अवघड जागेचं दुखणं. तुमच्याकडं आधीच बातमीदारीचा अनुभव आहे तेव्हा मी तरी पहिल्या वर्षी करू नका म्हणेन. वर्षभर कम्युनिटी स्टेशनला काम करून बघा, मग वाटलं तर करा, आणि करायचंच तर कोर्सला एनसीटीजेची किंवा बीजेटीसी या रेडिओ-टीव्ही पत्रकारितेचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते बघा, नुसतं "मीडिया अँड कम्युनिकेशन" असलं गोलमोल नाव असलेल्या कोर्सात थिअरी फार आणि स्टुडिओचे तास कमी असू शकतात.

अ‍ॅक्सेंट. तुमच्या प्रश्नात यावर सगळ्यात जास्त जीव आहे म्हणून सविस्तर सांगतो. अ‍ॅक्सेंट बदलायला जाऊ नका, खोटा अ‍ॅक्सेंट ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळतो. बदलायचं ते वेगळं आहे. आपण मराठी माणसं इंग्रजी वाचताना प्रत्येक शब्दाला सारखंच वजन देतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतो, त्यामुळं महत्त्वाचा शब्द बुडतो. शिवाय आपण घाईत वाचतो. त्यांच्याकडं साधा हिशेब आहे, सेकंदाला तीन शब्द, म्हणजे तीस सेकंदांच्या बातमीत नव्वद शब्द. व्ही आणि डब्ल्यू हे दोन्ही आपण "व" म्हणूनच सोडतो, तेवढं एक वेगळं करायची सवय लावा. आणि गावांची नावं! यात तडजोड नाही. लफ्बरा हे नाव स्पेलिंग (Loughborough) बघून तुम्ही जन्मात तसं वाचणार नाही, बीव्हर कॅसल तर त्याहून वाईट, लिहिलेलं असतं बेलव्हॉयर (Belvoir) वाचावं असं. मुंबईचा कुणी रेडिओवर "म्हसवड" अडखळत वाचला की आपण कसं हसतो, तसंच तिथलं. अ‍ॅक्सेंट लोक माफ करतात, गावाचं नाव चुकवलेलं करत नाहीत, लगेच स्टेशनला फोन येतो. आधी दहा-वीस मैलांच्या परिसरातली नावं एखाद्या शेजारणीकडून म्हणून घ्या आणि देवनागरीत लिहून ठेवा, देवनागरी यासाठी फार सोयीची आहे, मी अजून तसंच करतो.

निघायच्या आधी करायचं एक काम सांगतो, कारण तुमच्याकडं अजून पावसाळा आहे आणि हा विषय फक्त तुमच्याकडंच आहे. कोयनेच्या विसर्गाची एक मिनिटाची बातमी इंग्रजीत करा, अशा माणसासाठी ज्यानं कोयना हे नाव कधी ऐकलेलं नाही. ऐकायला सोपं वाटतं. बसून लिहायला घेतलंत की कळेल, पहिल्याच वाक्यात टीएमसी येतं, दुसऱ्यात क्युसेक, आणि ऐकणारा गेला. आपल्याला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका हे पाठ असतं, त्यावर कुणी कपाट माळ्यावर चढवायचं ते ठरवतं. त्या बाहेरच्या माणसाला फूटसुद्धा सांगू नका, कपाटाचं सांगा. नदीकाठच्या एखाद्या मावशींकडं जा, मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, फोन त्यांच्या हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर धरा, थोडा बाजूला म्हणजे प-फ-भ चा फुत्कार लागत नाही, कानाला हेडफोन लावूनच रेकॉर्ड करा, पंखा बंद करायला सांगा, आणि बोलणं झाल्यावर अर्धा मिनिट कुणीच काही न बोलता तिथला नुसता आवाज घ्या, एडिट करताना जोड लपवायला तो लागतो. मावशी मराठीत बोलतील, त्यांचं पहिलं वाक्य पाच-सहा सेकंद मराठीतच ऐकवा, मग आवाज हळू करून वर तुमचं इंग्रजी. एकूण साठ सेकंद, त्यात पंधरा-वीस सेकंद मावशी, उरलेल्यात तुमचे एकशेवीस-तीस शब्द. ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात कापा. पाच-सहा वेळा पुन्हा लिहावं लागेल. हा डेमो घेऊन गेलात तर समोरच्याला एका मिनिटात कळतं की या बाईला बातमी कळते, माणसांकडून बोलून घेता येतं, आणि अनोळखी गोष्ट अनोळखी माणसाला समजावता येते. आकाशवाणीच्या निवेदनाची क्लिप त्याला यातलं काहीच सांगत नाही.

पॉडकास्टबद्दल फार बोलत नाही. हौस म्हणून करा, पण "लंडनमधली मराठी माणसं" छापाचे पॉडकास्ट बरेच आहेत आणि ते ऐकून कुणी नोकरी देत नाही. आणि मराठी बीबीसीत जाईन असं डोक्यात असेल तर तेही तपासून बघा, बीबीसी मराठी 2017 ला सुरू झाली ती मुळात डिजिटल, रेडिओ नव्हे, आणि एप्रिल 2024 पासून बीबीसीच्या भारतीय भाषांचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतातली कंपनी करते. म्हणजे त्या कामासाठी लेस्टरपेक्षा कराड जवळ पडेल, गंमत आहे पण आहे खरं.

पैसे. पहिली दीड-दोन वर्षं रेडिओवर घर चालेल असं धरून चालू नका, मिस्टरांशी हे आत्ताच बोलून घ्या. सोबतीला अर्धवेळ दुसरं काही बघा, शक्यतो लोकांत मिसळायला लागेल असं, लायब्ररी, शाळा, दवाखान्याचं रिसेप्शन, कारण बातम्या तिथंच कळतात. ऑडिओतलंच छोटं काम हवं असेल तर टेप सिंक विचारा. दूरच्या देशातला प्रोड्युसर फोनवर मुलाखत घेत असतो आणि तुम्ही पाहुण्याशेजारी बसून त्याचा आवाज चांगल्या माईकवर रेकॉर्ड करून फाईल पाठवायची, तासा-दोन तासांचं काम, पैसे बरे मिळतात आणि प्रोड्युसरशी ओळख होते. आणि गाडी! लोकल रेडिओच्या जाहिरातीत ड्रायव्हिंग लायसन्स बऱ्याचदा मागतात, कारण पहाटे चार-पाचच्या शिफ्टला बस नसते. आपलं भारतातलं लायसन्स तिथं बारा महिने चालतं, नंतर त्यांची परीक्षा द्यावी लागते आणि तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून पोचल्या पोचल्या त्या मागं लागा.

व्हिसाचं तुमचं बरं आहे, स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला नोकरीही करता येते आणि स्वतःचं फ्रीलान्सही. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी मात्र आपलं आपलं बघा, कारण इथंच सगळं बदलतं. अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वर्क परमिट हातात येईपर्यंत पगारी काम नाही, आणि जे काम एरवी पगारावर केलं जातं ते फुकटसुद्धा करताना वकिलाला विचारा. ऑस्ट्रेलियात जाणाऱ्यांना मार्ग त्यातल्या त्यात सरळ, तिथं एसबीएस ही सरकारी प्रसारण संस्था साठहून जास्त भाषांत कार्यक्रम करते आणि मेलबर्नचं थ्री-झेडझेडझेड किंवा ब्रिस्बेनचं फोर-ईबी यांसारखी बहुभाषिक कम्युनिटी स्टेशनं व्हॉलंटियरना ट्रेनिंगही देतात. जर्मनीत भाषा आल्याशिवाय न्यूजरूमचा विचारच करू नका, आधी ती शिका.

थोडक्यात, आत्ता कोयनेचा डेमो, पोचल्यावर कम्युनिटी स्टेशन आणि कौन्सिलचा अजेंडा, सहा महिन्यांत कायद्याचा पेपर, बारा महिन्यांच्या आत लायसन्स, मास्टर्सचा विचार त्यानंतर. तुमचं लहान मूल असेल किंवा राहायला शहराबाहेर लांब घर मिळालं तर यातला क्रम आणि वेग दोन्ही बदलतील, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही म्हणून मी धरलेलं नाही. डेमो झाला की पाठवा, ऐकून सांगतो, फक्त साठ सेकंदांच्या वर नको.